अणुकेंद्रांवर हल्ले नकोत, वाटाघाटी हव्यात : निवेदनात नेमकं काय लिहावं?

खाडीअलीकडे
नमस्कार मंडळी. वाशीतल्या आमच्या वाचक मंडळातर्फे ठाण्याच्या खासदारांना एक निवेदन द्यायचं ठरतंय. अणुकेंद्रांवर लष्करी हल्ले करण्यापेक्षा वाटाघाटींचा मार्ग धरावा, यासाठी भारताने जाहीरपणे आणि सतत आग्रह धरावा, एवढीच मागणी. जून २०२५ मध्ये इराणच्या नतान्झ, फोर्डो आणि इस्फहान या अणुकेंद्रांवर इस्रायल आणि अमेरिकेचे हल्ले झाले तेव्हापासून हे मनात आहे. खाडीच्या त्या काठावर ट्रॉम्बेचं अणुसंशोधन केंद्र असताना हा विषय आपल्याला परका नाही.

कच्चा मसुदा असा :

१. आंतरराष्ट्रीय कायद्याने कुठल्याही अणुकेंद्रावर हल्ला करायला बंदी आहे.
२. अशा हल्ल्यातून हिरोशिमासारखा किरणोत्सर्ग पसरतो.
३. भारत आणि पाकिस्तान यांच्यात एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार आहे, त्याच्या यादीत ट्रॉम्बे आणि तारापूर आहेत. असाच करार जगभर व्हावा.
४. हल्ल्यांनी अणुकार्यक्रम थांबत नाही, वाटाघाटींनी थांबतो.

यातलं काय टिकेल आणि काय नाही ते स्पष्ट सांगा. एक वाक्य चुकीचं निघालं की उरलेलं कुणी वाचत नाही.

पारसिक_वारा
पहिलं वाक्य आहे तसं टिकणार नाही.

युद्धाच्या नियमांबद्दलच्या १९७७ च्या जिनिव्हा पूरक करारातलं कलम ५६ धरणं, बंधारे आणि अणुवीज केंद्रं यांना संरक्षण देतं. त्यात शब्द आहेत 'वीज निर्माण करणारी अणुकेंद्रं'. युरेनियम समृद्ध करणारा, म्हणजे त्यातल्या कामाच्या अणूंचं प्रमाण वाढवणारा कारखाना त्यात बसत नाही, संशोधन अणुभट्टीही नाही. वीज केंद्राचं संरक्षणही बिनशर्त नाही, त्याला अपवाद आहेत. शिवाय अमेरिकेने हा करार मंजूर केलेला नाही, इराणने सही करून पुढे मंजुरी दिली नाही, इस्रायल त्यात नाही. आणि भारतही नाही. खासदारांनी हे वाक्य संसदेत वाचलं तर समोरून पहिला प्रश्न हाच येईल.

ज्याच्या जोरावर बोलता येईल असं एक आहे. इस्रायलने ७ जून १९८१ ला इराकची ओसिराक अणुभट्टी पाडली, त्यानंतर १९ जूनला सुरक्षा परिषदेने ठराव ४८७ एकमताने मंजूर करून त्या हल्ल्याचा तीव्र निषेध केला. अमेरिकेनेही बाजूने मत दिलं होतं. 'बंदी आहे' ऐवजी 'सुरक्षा परिषदेने १९८१ मध्ये एकमताने निषेध केलेला आहे' असं लिहा.

ऐरोली_सेक्टर_आठ
दुसरं वाक्य तर काढूनच टाका. हिरोशिमा म्हणजे अणुस्फोट. समृद्धीकरणाच्या कारखान्यावर साधा बॉम्ब पडला तर अणुस्फोट होत नाही. दोन्हींची सरमिसळ झाली की खरा धोका कुठला तेच हरवतं.

समस्थानिक
ऐरोलीकरांशी सहमत. जरा सविस्तर लिहितो, कारण बातम्यांत हे फार ढोबळ येतं.

समृद्धीकरणात युरेनियम असतं ते युरेनियम हेक्झाफ्लोराइड या रूपात. खोलीच्या तापमानाला हा पांढरा स्फटिकासारखा घन पदार्थ असतो, साधारण ५६ अंशांना त्याचा थेट वायू होतो. टाकी फुटली की हा वायू हवेतल्या बाष्पाशी मिळतो आणि दोन गोष्टी तयार होतात : युरेनिल फ्लोराइडची बारीक पूड आणि हायड्रोजन फ्लोराइड. एक किलो हेक्झाफ्लोराइडमागे साधारण २२५ ग्रॅम हायड्रोजन फ्लोराइड सुटतो. जीव घेतो तो हा. डोळे, घसा आणि फुप्फुसं जाळतो, कातडीतून आत शिरून रक्तातलं कॅल्शियम खेचून घेतो. पूड श्वासातून गेली तर मूत्रपिंडांना धोका, तोही मुख्यतः युरेनियमच्या रासायनिक विषारीपणामुळे.

याला युद्धच लागतं असंही नाही. जानेवारी १९८६ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमात एक टाकी प्रमाणाबाहेर भरली गेली. जास्तीचा माल बाहेर काढण्यासाठी ती गरम केली. हा पदार्थ वितळताना चांगलाच फुगतो, त्याला आत जागा उरली नाही, टाकी फाटली आणि एक कामगार हायड्रोजन फ्लोराइडने गेला.

जून २०२५ च्या हल्ल्यांनंतर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने सांगितलं की नतान्झच्या आत किरणोत्सारी आणि रासायनिक दूषण आहे, पण आवाराबाहेरची किरणोत्सर्गाची पातळी वाढलेली नाही. वरच्या कारणांशी हे जुळतं. कारखाना आणि चालू अणुभट्टी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अणुभट्टीतल्या वापरलेल्या इंधनात आयोडीन-१३१ आणि सिझियम-१३७ असतात. कारखान्यातल्या युरेनियमचं विखंडन (अणू फुटणं) झालेलंच नसतं, त्यामुळे तिथे हे दोन्ही नसतात.

घोडबंदर_रोड
मग आयोडीनच्या गोळ्या घरात ठेवायचा जो सल्ला फिरतोय त्याचं काय? आमच्या संकुलाच्या गटावर रोज येतो.

समस्थानिक
@घोडबंदर_रोड, पोटॅशियम आयोडाइडची गोळी फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून आणि फक्त थायरॉइडला वाचवते. प्रौढांचा डोस १३० मिलिग्रॅम, तोही प्रशासनाने सांगितल्यावर आणि वेळेवर घेतला तरच. चाळिशीनंतर फायदा कमी, मुलांना आणि गरोदर स्त्रियांना जास्त. हेक्झाफ्लोराइडवर तिचा काडीचा उपयोग नाही.

आयोडीनयुक्त मीठ जास्त खा असाही निरोप फिरतो, तो तर घातक आहे. घरच्या मिठात किलोमागे साधारण १५ मिलिग्रॅम आयोडीन असतं. एका गोळीत १०० मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे साडेसहा किलो मीठ! कृपया गटावर हे सांगा.

पाचपाखाडी
हायड्रोजन फ्लोराइडचं ऐकून आपल्या ठाणे-बेलापूर पट्ट्याची आठवण होणं साहजिक आहे. कातडीला लागलं तर आधी भरपूर पाण्याने धुणं, मग अडीच टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल चोळणं, हा उपचार रासायनिक कारखान्यांच्या प्रथमोपचारात असतोच. पण तो एका कामगारासाठी. बॉम्बने फुटलेल्या कारखान्यात जेल घेऊन जाणार कोण, जेव्हा दुसरा बॉम्ब कधी पडेल ते माहीत नाही? अग्निशमन दल आत जाऊ शकत नाही, निरीक्षकही जाऊ शकत नाहीत. अपघात आणि हल्ला यांतला हा फरक निवेदनात यावा.

कळवा_नाका
मी विरोधी बाजू मांडतो, कारण ती मला खरोखर पटते.

चौथं वाक्य एकतर्फी आहे. ६ सप्टेंबर २००७ ला इस्रायलने सीरियातली अल-किबरची अणुभट्टी पाडली, ती पुन्हा उभी राहिली नाही. उलट उत्तर कोरियाशी १९९४ मध्ये करार झाला, तो २००२ मध्ये कोसळला आणि ९ ऑक्टोबर २००६ ला त्यांनी चाचणी केली. वाटाघाटींत वेळ गेला आणि बॉम्ब तयार झाला.

आणि इराणने केलेल्या ६० टक्के समृद्ध युरेनियमचा वीज निर्मितीत उपयोग काय? कुठल्याही वीज केंद्राला ते लागत नाही, तीन ते पाच टक्के पुरे. मग वाट कशाची बघायची?

पारसिक_वारा
@कळवा_नाका, ६० टक्क्यांबद्दल शंभर टक्के मान्य. पण ते कधी सुरू झालं ते बघा. इराणने अमेरिकेसह मोठ्या देशांशी जुलै २०१५ मध्ये केलेल्या करारात त्याच्यावर ३.६७ टक्क्यांची मर्यादा होती, साठा ३०० किलो हेक्झाफ्लोराइड, नतान्झमध्ये ५,०६० जुने सेंट्रिफ्यूज (समृद्धीकरणाची गरगर फिरणारी यंत्रं), फोर्डोत समृद्धीकरण बंद, अराकच्या अणुभट्टीचा गाभा काढून त्यात काँक्रीट. हे सगळं संस्थेने तपासलं आणि १६ जानेवारी २०१६ ला अंमल सुरू झाला. अमेरिका ८ मे २०१८ ला बाहेर पडली. ६० टक्के सुरू झालं एप्रिल २०२१ मध्ये.

कळवा_नाका
मर्यादा कायमच्या नव्हत्या. दहा-पंधरा वर्षांनी बऱ्याच उठणारच होत्या.

पारसिक_वारा
खरं आहे, आणि ती त्या कराराची खरी कमजोरी होती. पण पंधरा वर्षांची मुदत पुढे वाढवायला बसता येतं. करारच फेकून दिला की बसायला टेबल उरत नाही.

समस्थानिक
आकड्यांमागचं गणित सांगतो, म्हणजे ६० टक्के एवढं गंभीर का ते कळेल.

निसर्गातल्या युरेनियमच्या हजार अणूंत सात कामाचे, बाकी ९९३ टाकाऊ. समृद्धीकरण म्हणजे तांदूळ निवडण्यासारखं, खडे काढत जायचं. चार टक्क्यांसाठी हजारातले ८२५ काढावे लागतात, उरतात १७५, त्यांत सात कामाचे. वीस टक्क्यांसाठी उरतात ३५. साठ टक्क्यांसाठी १२. नव्वद टक्क्यांसाठी आठ. म्हणजे साठवरून नव्वदवर जाताना उरलेल्या बारांतले चारच काढायचे असतात. बहुतेक मेहनत आधीच झालेली असते. संस्थेच्या मोजपट्टीने साठ टक्क्यांचं साधारण ४२ किलो, पुढे समृद्ध केलं तर, एका बॉम्बला पुरतं. जून २०२५ च्या हल्ल्यांआधी इराणकडे ४०० किलोच्या वर होतं.

आता हाच आकडा हल्ल्याच्या बाजूने बघा. सेंट्रिफ्यूज फुटतात, वीज अचानक गेली तरी त्यांतले वेगाने फिरणारे रोटर निकामी होऊ शकतात. नतान्झचं वीज उपकेंद्र उडालं तेव्हा संस्थेच्या प्रमुखांनी, ग्रॉसी यांनी, हीच शक्यता सांगितली होती. पण समृद्ध माल लहान लहान सिलिंडरांत असतो, ते उचलून नेता येतात. डोंगराखाली, फोर्डोवर, अमेरिकेने २२ जूनला प्रत्येकी सुमारे तेरा-साडेतेरा टनांचे बारा बॉम्ब टाकले. त्याने भुयार पडेल, पण सिलिंडर आधीच हलवला असेल तर तो कुठे आहे ते बॉम्ब सांगत नाही.

तुर्भे_स्टोअर
अवांतर होईल, पण इराण म्हणजे आपल्याकडे मसाला बाजारातला खजूर आणि पिस्ता, फळबाजारातली सफरचंदं आणि किवी. न्हावाशेवाहून बासमती तिकडे जातो. होर्मुझची सामुद्रधुनी अडली तर सिलिंडरचा गॅस पहिला अडतो, कारण आपला आयातीचा बहुतेक गॅस आखातातूनच येतो. खासदारांना हा मुद्दाही घाला. लोकांना तो लवकर समजतो.

पाचपाखाडी
तुर्भेकर, आखातातली आपली माणसंही. इराणचं बुशेहरचं अणुवीज केंद्र आखाताच्या काठावर आहे, रशियन बनावटीचं, हजार मेगावॉट, सप्टेंबर २०११ पासून विजेच्या जाळ्याला जोडलेलं. आखात उथळ, सरासरी खोली पस्तीस मीटरच्या आसपास. कुवेत, कतार, अमिराती यांचं पिण्याचं पाणी बहुतांश त्याच समुद्रातून खारटपणा काढून येतं. ग्रॉसी यांनी २० जून २०२५ ला सुरक्षा परिषदेत बजावलं होतं की बुशेहरवर हल्ला झाला तर परिणाम सर्वांत गंभीर असतील. थेट मार लागायचीही गरज नाही, बाहेरून येणाऱ्या वीजवाहिन्या तुटल्या तरी गाभ्याचं शीतकरण धोक्यात येतं.

युक्रेनमधल्या झापोरिझ्झियाच्या अणुवीज केंद्रात हेच चाललंय. सहाही अणुभट्ट्या बंद ठेवलेल्या, तरी थंड करायला वीज लागतेच. ४ मार्च २०२२ ला केंद्र रशियाच्या ताब्यात गेल्यापासून बाहेरची वीज अनेकदा पूर्ण गेली आणि प्रत्येक वेळी डिझेल जनित्रांवर भिस्त. डिझेल संपण्याआधी वाहिनी जोडायची तर दुरुस्ती पथकाला गोळीबार थांबलेला हवा. तो थांबवायचा तर दोन्ही बाजूंशी बोलणारं कुणीतरी हवं. संस्थेने तिथे स्थानिक शस्त्रविराम जुळवून आणले आणि मग वाहिन्या दुरुस्त झाल्या. वाटाघाटी म्हणजे फक्त जिनिव्हातली मेजवानी नव्हे. वीजवाहिनी जोडण्यापुरता चार तासांचा शस्त्रविराम हीसुद्धा वाटाघाटच.

कळवा_नाका
हा मुद्दा पटला. चालू वीज केंद्रावर हल्ला कुणीच करू नये, यावर माझा वाद नाही. माझा वाद समृद्धीकरणाच्या कारखान्यांपुरता. अल-किबरला अजून कुणी उत्तर दिलं नाही.

मुलुंड_चेकनाका
मी देतो. अल-किबर आणि ओसिराक दोन्हींत एकच अणुभट्टी, जमिनीच्या वर, आणि आत इंधन चढलेलं नव्हतं. म्हणून लक्ष्य सोपं होतं आणि किरणोत्सर्गही पसरला नाही. अल-किबर पुन्हा उभं राहिलं नाही हे बरोबर, कारण सीरियाला ती अणुभट्टी उत्तर कोरियाच्या मदतीने मिळत होती, देशात तेवढं ज्ञान आणि कारखाने नव्हते. इराणकडे आहेत. सेंट्रिफ्यूज तिथेच बनतात.

ओसिराकचं पुढे काय झालं तेही पाहा. इराकने कार्यक्रम सोडला नाही, तो लपवला. अणुभट्टीचा नाद सोडून विद्युतचुंबकीय पद्धतीने समृद्धीकरणाचे गुप्त कारखाने काढले. १९९१ च्या युद्धात आठवडेच्या आठवडे बॉम्ब पडूनही बरंच शाबूत राहिलं. अल-अथीर हे शस्त्र-रचनेचं केंद्र निरीक्षकांनी शोधलं आणि १९९२ मध्ये त्यांच्या देखरेखीखाली पाडलं गेलं. विमानांना जे दिसलं नाही ते चालत जाऊन, कागद चाळून, नमुने घेऊन सापडलं.

समस्थानिक
निरीक्षण म्हणजे नक्की काय करतात ते थोडक्यात. साठ्याच्या टाक्यांना आणि दारांना मोहर लावतात, ती तोडली की कळते. कॅमेरे बसवतात. सिलिंडर वजन करून वहीशी ताडतात. भिंतीवरून, यंत्रावरून कापडाच्या चौकोनाने धूळ पुसून घेतात. ऑस्ट्रियातल्या सायबर्सडॉर्फच्या प्रयोगशाळेत त्या धुळीतल्या सूक्ष्म कणांवरून कुठल्या टक्क्यापर्यंत समृद्धीकरण झालं ते काढतात. या सगळ्याला सलगता लागते. इराणने फेब्रुवारी २०२१ मध्ये जादा तपासणीची मुभा बंद केली, जून २०२२ मध्ये २७ कॅमेरे काढले. तेवढ्यानेच नवे सेंट्रिफ्यूज किती बनले याचा हिशेब तुटला. जून २०२५ च्या हल्ल्यांनंतर निरीक्षक देशाबाहेर गेले आणि समृद्ध साठ्याचा हिशेबही तुटला.

माझ्या दृष्टीने निवेदनाचा गाभा हा आहे. बॉम्ब पडण्याआधी साठा किती आणि कुठे हे जगाला माहीत होतं. पडल्यावर ते माहीत राहिलं नाही.

खाडीअलीकडे
समस्थानिक, हे शेवटचं वाक्य मी जसंच्या तसं घेतोय. आणि कळवा नाका, तुमच्यामुळे चौथं वाक्य बदलावंच लागणार. तिसऱ्याबद्दल कुणीच बोललं नाही.

पारसिक_वारा
तिसऱ्यात एक चूक आहे. यादीत ट्रॉम्बे आणि तारापूर आहेत असं लिहू नका. दोन्ही देश यादी प्रसिद्ध करत नाहीत, त्यामुळे ते आपल्याला ठामपणे म्हणता येत नाही. कराराची व्याख्या मात्र उघड आहे : वीज आणि संशोधन अणुभट्ट्या, इंधन निर्मिती, समृद्धीकरण, समस्थानिक वेगळे करणं, पुनर्प्रक्रिया, आणि किरणोत्सारी पदार्थांचा मोठा साठा असलेली ठिकाणं. ध्रुव ही १०० मेगावॉटची संशोधन अणुभट्टी ट्रॉम्बेत १९८५ पासून आहे, तारापूर वीज केंद्र १९६९ पासून. दोन्ही व्याख्येत बसतात. तसंच लिहा.

करार ३१ डिसेंबर १९८८ ला झाला, २७ जानेवारी १९९१ ला अमलात आला. १ जानेवारी १९९२ पासून दर वर्षी त्याच दिवशी दिल्ली आणि इस्लामाबादेत एकाच वेळी याद्या दिल्या-घेतल्या जातात, अक्षांश-रेखांशांसकट. कारगिलनंतर, २६/११ नंतर, पुलवामानंतरही चुकलं नाही. कलम फार लहान आहे, पण त्यात 'प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष' असा शब्दप्रयोग आहे. हल्ला करायचा नाही, त्याला उत्तेजन द्यायचं नाही, त्यात सामीलही व्हायचं नाही. आणि समृद्धीकरण त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. जिनिव्हाच्या कलमात जे सुटलं ते इथे आहे!

उणीव अशी की तपासणीची सोय नाही. समोरच्याने एखादं ठिकाण यादीतून गाळलं तर करार काही करू शकत नाही.

ऐरोली_सेक्टर_आठ
मे २०२५ मध्ये भारताने पाकिस्तानातल्या किराणा टेकड्यांतल्या अणुठिकाणावर मारा केल्याची जी अफवा उठली तीही लक्षात घ्या. हवाई दलाने स्पष्ट सांगितलं की तिथे मारा केलेला नाही, आणि अणुऊर्जा संस्थेनेही किरणोत्सर्गाची गळती नसल्याचं सांगितलं. करार असल्यामुळे असा खुलासा करण्याला वजन येतं.

मुलुंड_चेकनाका
ब्राझील-अर्जेंटिना हे आणखी एक उदाहरण घ्या. दोघांचेही अणुकार्यक्रम, दोघांनाही एकमेकांचा संशय. १९९१ मध्ये त्यांनी संयुक्त तपासणी संस्था काढली. ब्राझीलची केंद्रं अर्जेंटिनाचे निरीक्षक तपासतात आणि उलट. भारत-पाक करारात जी उणीव आहे ती तिथे भरून काढलेली आहे.

घोडबंदर_रोड
भारताने सांगितलं तर कोण ऐकेल? आपण अण्वस्त्रप्रसारबंदी करारात नाही, आणि २००५ मध्ये संस्थेत इराणविरोधात मत दिलं होतं.

पारसिक_वारा
म्हणूनच ऐकतील असं मला वाटतं. तेहरान, तेल अविव आणि वॉशिंग्टन तिन्हीकडे फोन करू शकतील असे देश फार थोडे. २२ जून २०२५ ला पंतप्रधानांनी इराणच्या अध्यक्षांशी बोलताना तणाव कमी करा, संवादाने सोडवा असंच म्हटलं. ओमानने १२ एप्रिलपासून अमेरिका-इराण बोलणी घडवून आणली होती, सहावी फेरी १५ जूनला ठरली होती. १३ जूनला बॉम्ब पडले. मागणी नेमकी ठेवा : ओमानसारख्या मध्यस्थीला भारताने उघड पाठिंबा द्यावा.

पाचपाखाडी
व्यवहाराचं. नुसतं निवेदन फायलीत जातं. खासदारांना प्रश्नच तयार करून द्या. लोकसभेत तारांकित प्रश्न दिवसाला वीस, अतारांकित २३०. सूचना किमान पंधरा पूर्ण दिवस आधी, प्रश्न दीडशे शब्दांच्या आत. तारांकितला तोंडी उत्तर आणि पुरवणी प्रश्न, पण नंबर लागला तर. अतारांकितला लेखी उत्तर येतं, ते कायमचं नोंदीत राहतं. परराष्ट्र खात्याला असा प्रश्न : भारत-पाक कराराच्या धर्तीवर अणुकेंद्रांवर हल्लाबंदीचा प्रस्ताव सरकारने कुठल्या आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर मांडला आहे काय, असल्यास तपशील, नसल्यास कारणं.

आणि ठाणे मतदारसंघात ऐरोली, बेलापूर, ठाणे, कोपरी-पाचपाखाडी, ओवळा-माजिवडा, मिरा-भाईंदर. पनवेल-उरणच्या सह्या असतील तर मावळच्या खासदारांना वेगळी प्रत.

कळवा_नाका
कळवा-मुंब्रा कल्याणमध्ये. आमची प्रत तिकडे. चौथं वाक्य बदललं तर मी सही करतो.

खाडीअलीकडे
बदललेलं चौथं वाक्य वाचा :

'हल्ल्याने एखादी इमारत पडते, पण देशातलं ज्ञान आणि हलवता येणारा साठा राहतो. १३ जून २०२५ पूर्वी इराणचा ६० टक्के समृद्ध साठा आंतरराष्ट्रीय निरीक्षणाखाली होता, त्यानंतर त्याचा हिशेब राहिला नाही. वाटाघाटींनाही अपयश येतं, उत्तर कोरियात ते आलं. म्हणून मुदत, मर्यादा आणि सतत तपासणी असलेल्या कराराचा आग्रह भारताने धरावा.'

साठ्याचा आकडा ४०८.६ लिहू की ४४०.९? दोन्ही वाचलेत.

समस्थानिक
दोन्ही संस्थेचेच. ४०८.६ किलो १७ मे २०२५ चा, ४४०.९ किलो १३ जूनचा. तुमच्या वाक्यात १३ जून आहे, म्हणून ४४०.९ घ्या आणि 'संस्थेच्या अंदाजानुसार' हे शब्द जोडा.

कळवा_नाका
चालेल. सही धरा.